पिपा वाजवणारी मुलगी

५ मार्च १९७४, सॅन फ्रान्सिस्को

कापलं एकदाचं! या सिनेमातलं पिपा, म्हणजे आपली चिनी वीणा, वाजवणाऱ्या मुलीचं गाणं – सुरू झालं की संपायचं नावच नाही. मागच्या सिनेमात असंच एक गाणं आलं, तर अमेरिकन पाहुणे कोट उचलून चालते झाले. माईकवर इंग्रजीतून अर्थ सांगणारी मी, मी तरी काय सांगणार – "अजून गातेय"?

मोय काका, आमच्या मंडळाचे चिटणीस, म्हणाले, "पाहुण्याला घरी बोलावून कंटाळा आणायचा का? काप तू." कात्रीने फीत कापली, टोकं चिकटवली. तुकडे टोपलीत.

७ मार्च

तिसऱ्या आत्यांनी – अख्खं मंडळ त्यांना याच नावाने हाक मारतं – आज पुन्हा विचारलं, "सिनेमा सगळा दाखवणार ना गं?" दर खेळाला त्या पाहुण्यांसाठी डंपलिंग करतात. स्वयंपाकघर सोडून कधी हॉलमध्ये फिरकत नाहीत. आताच कुठून हे वेड! मी आपलं "हो हो" म्हटलं.

९ मार्च

हॉल गच्च! एकही पाहुणा उठला नाही!

आणि आत्या चक्क पहिल्या रांगेत. काळा रेशमी अंगरखा, हातात जेडची बांगडी. शेजारच्या खुर्चीवर एक संत्रं. "आत्या, जागा अडवू नका हं!" म्हणत मी ते त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि तिथे एका अमेरिकन बाईंना बसवलं.

संपल्यावर विचारलं, कसा वाटला? "छान. पाहुण्यांना आवडला ना?" म्हणाल्या आणि भांडी घासायला गेल्या. रेशमी अंगरख्यातच.

१० मार्च

मोय काका धापा टाकत आले. "अगं, त्या सिनेमात आत्या होत्या म्हणे! ती पिपावाली मुलगी!"

अख्खं माणूस कापून टाकलं मी! एका शब्दाने बोलल्या का नाहीत? – पण आमच्यात कोण सांगतं, 'मी आहे त्यात' म्हणून? लहानपणी स्वतःची फुशारकी मारली की आई थोबाडीत द्यायची. आणि पाहुण्यांपुढे तर घरच्यांनी मागेच राहायचं.

टोपली कधीच रिकामी झालेली. प्रोजेक्टरखाली सरपटत गेलेला चारेक हात लांबीचा तुकडा तेवढा मिळाला.

११ मार्च

हाँगकाँगला फोन लावला. सिनेमा काढणारी कंपनी बुडाली, दुसरी प्रत कुठेच नाही.

माफी मागायला स्वयंपाकघरात गेले. "आलं पुरेल ना?" एवढंच विचारून परत आले. शेळपट मेली!

१५ मार्च

शेवटी सांगितलं. "असू दे गं," म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

तुकडा जोडून पाहिला. त्यात चेहराच नाही. तारांवर फिरणारे नुसते हात. तरी उद्या लावणार – फक्त आत्यांसाठी. पाहुणे नकोत.

१६ मार्च

आत्यांनी आजही शेजारच्या खुर्चीवर संत्रं ठेवलं. मी हात लावला नाही. तुकडा बघता बघता सरला. "पुन्हा लाव." पुन्हा लावला. म्हटलं, "आत्या, तुमचा चेहरा मी –"

"माझा कुठला! ती माझी ताई. तिकडे हाँगकाँगलाच वारली. फोटो एकही नाही. चेहरा आठवेनासा झालाय गं, म्हणून तर आले होते."