तात्यासाहेबांची नाटकं मीच लिहिली

४ जानेवारी
पेपरात आलं. तात्यासाहेबांची नाटकं तात्यासाहेबांनी लिहिलीच नाय, असा वाद निघालाय. लई लवकर कळलं. गंगापूरच्या स्टँडवर चहा पिता पिता मी कधीपासून सांगतोय, ती माझी हायेत. साधी गोष्ट हाये. मी त्यांच्या नाटक कंपनीत प्रॉम्प्टर. पडद्याआडून आधी मी बोलायचो, मग नट बोलायचा. आधी शब्द कुणाच्या तोंडातून निघाला? तात्यासाहेब तवा बाहेर बिड्या ओढायचे.

७ जानेवारी
संभाजीनगरवरून करुणा मॅडमचा फोन. कॉलेजात शिकवतात. या वादाचा निकाल लावायला क्रांती चौकाजवळ हॉल घेतलाय, दावेदार म्हणून या म्हणल्या. दुसरा दावेदार सोयगावचा बिभीषण. तो कंपनीत बाईचं काम करायचा. नऊवारी नेसून लेखक होता येतंय व्हय? मी लगेच हो म्हणलो.
मग म्हणल्या, पुरावा दोघांकडंबी नाय, तर दोघांनी नाटकातलं फौजदारणीचं मोठं भाषण कागद न घेता म्हणायचं. लोकच ठरवतील.
फोन ठेवला. तांब्याभर पाणी प्यालो.

९ जानेवारी
पाठांतर सुरू. येत नाय. विसरलो नाय, मूड नाय.
बायकोनं, लक्ष्मीनं, नाटकाचं पुस्तक उघडून वाचलं. ती चुकली की मी लगेच दुरुस्त करतो, एक शब्द सोडत नाय. ती गप बसली की डोक्यात अंधार. म्हणली, दुसरा अडकल्याबिगर तुमचं तोंड फुटत नाय. बाईला नाटकातलं काय कळतंय.

१३ जानेवारी
पोरांनी स्टँडवर फ्लेक्स लावला. ‘खरे नाटककार पुंजारामभाऊ.’ माझा फेट्यातला फोटो. झकास. उगं बोभाटा आपल्याला आवडत नाय, पण लावला तर लावला.
रात्री झोप नाय. हरलो तर स्टँडवर जायचं कसं? छातीत धडधडतंय. गॅस असंल.

१४ जानेवारी
उद्यापासून पहाटे उठून पाठांतर. पक्कं.

१५ जानेवारी
थंडी लई होती.

१८ जानेवारी
कार्यक्रम उद्या. ताप आलाय म्हणून सांगायला मॅडमला फोन केला. त्यांनी तब्येत विचारली. तोंडातून एकदम ठणठणीत निघालं.

१९ जानेवारी, दुपार
जीपवाल्याला म्हणलं हळू चालव. आजपर्यंत कुणाला असं म्हणलो नव्हतो. त्यानंबी वळून बघितलं.
हॉल गच्च. हे संडासात बसून लिहितोय. बाहेर कुणीतरी दार वाजवतंय. वाजवू द्या.

१९ जानेवारी, संध्याकाळ
आधी माझं नाव पुकारलं. उभा राहिलो. समोर माणसंच माणसं. सगळी माझ्याकडं बघणारी. कंपनीत एवढी वर्षं काढली, पण मी पडद्याची मागची बाजू बघितलेली, हे कधी बघितलंच नव्हतं. नमस्कार म्हणलो. पुढं काय नाय. मॅडमनी ग्लास दिला. पाणी प्यालो आन स्टेजवरच्या खुर्चीत बसलो.
मग बिभीषण. सुरुवात जोरात केली त्यानं. निम्म्यावर ‘फौजदारसाहेब’ म्हणला आन थांबला. परत ‘फौजदारसाहेब’. हात खांद्यावर पदर शोधायला लागला. आता दोघंबी सारखे. कुणी जिंकलं नाय, कुणी हरलं नाय. मी फक्त गप बसायचं होतं.
“टोपी काढा. आत डोकं हाये का, बघू द्या.”
ही पुढची ओळ मी बोललो. हळूच. मान खाली घालून. तोंडानं माझं ऐकलंच नाय.
त्यानं उचललं. म्हणजे पुढचं द्यावं लागतंय. प्रॉम्प्टर मधी थांबत नसतो. सगळं दिलं, शेवटपर्यंत, दोन शब्द पुढं राहून. अख्खं भाषण मला येत होतं. हॉल उभा राहून टाळ्या वाजवायला लागला. मीबी वाजवल्या. शाल बिभीषणला.
लक्ष्मी येताना जीपमधी हसली तेवढी.

२२ जानेवारी
बिभीषणचा फोन. सोयगावात त्याचा सत्कार हाये, थोर नाटककार म्हणून. बोलावं लागणार. म्हणला, पुंजाभाऊ, पाया पडतो, या. पडदा लावतो, मागं खुर्ची ठेवतो.
मी ठणकावून सांगितलं, नाटकं माझी आन मी मागं बसू? हा सरळ अपमान हाये.
मग विचारलं, पडदा जाड हाये ना.