सात नंबरच्या नोंदी

१४ एप्रिल

प्रिय धाकट्या,

पोटभर आशीर्वाद. मी खुशाल, गुडघे तक्रारखोर. तीन आठवडे तुझा फोन नाही, म्हणजे तूही खुशाल असावास. रागावलेली माणसं सहसा धडधाकट असतात.

परीक्षा संपल्या, शाळेत शुकशुकाट आहे. सात नंबरच्या खोलीला तू खिडक्यांबाहेर लावलेल्या लाकडी झडपा शाबूत आहेत. ऊन परतवायला तू छताला दिलेला पांढरा रंगही. त्यावर कबुतरांनी सविस्तर भाष्य लिहून ठेवलंय.

शाळा समितीच्या सभेत तू फार छान बोललास, हे त्या दिवशी सांगायचं राहिलं. "या खांबांचं, स्लॅबचं सिमेंट-पोलाद बनवायला भट्ट्यांतला कोळसा चाळीस वर्षांपूर्वीच जळून गेलाय. इमारत पाडली तर तो वाया, वर नव्या सिमेंट-पोलादासाठी पुन्हा तेवढाच धूर. त्यापेक्षा हीच थंड करू, एसीशिवाय." सगळे माना डोलावत होते. मग अध्यक्षांनी तुझाच तापमानाचा तक्ता वर धरला. तू सुधारलेली सात नंबर आणि न सुधारलेली आठ नंबर, दोन्ही दुपारी सारख्याच तापलेल्या. "आर्किटेक्टसाहेब, झडपा शोभेच्या वाटतं?" लोक हसले. शाळा पाडायचा ठराव झाला. तू कागद गोळा करून माझा निरोपही न घेता गेलास.

त्या तक्त्यातल्या नोंदी माझ्या. रोज तीन वेळा, सुवाच्य अक्षरात. सात नंबरचा थर्मामीटर मी टेबलामागच्या खिळ्याला टांगला, कारण खिळा आयता होता. खिळ्याखाली माझी चहाची विजेची किटली. दोनच्या नोंदीआधी मी चहा करते.

हसू नकोस. किंवा हस.

हे मला सभेच्या आदल्या दिवशीच कळलं होतं. वाफेने चष्मा धुरकटला, पुसून पाहते तर पारा चढलेला. ‘चूक झाली’ असं लिहून आत्ताच खोडलंय. चूक मी केली. आणि सव्वीस वर्षं पोरांना संस्कृतातल्या चुकांसाठी उभं करणारी मी, त्या सभेत उभी राहिले नाही.

लहानपणी तू फोडलेल्या काचा मी माझ्या नावावर घ्यायचे. या वेळी माझी चूक तू घेऊन गेलास, आणि तुला माहीतही नव्हतं.

नंतर किटली घरी ठेवून दहा दिवस पुन्हा मोजलं. दुपारी दोनला सात नंबर एकतीस, आठ नंबर छत्तीस. काल समितीपुढे उभी राहून सगळं वाचलं. किटलीसकट.

अध्यक्ष म्हणाले, "म्हणजे बाई, तुमच्या चहापायी आपण शाळा पाडत होतो?"

"हो. तोही बिनसाखरेचा."

ठराव थांबवलाय. सोमवारी अकराला तुझं पुन्हा ऐकायचंय म्हणतात. पटेलच असं नाही. शाळा पाडून बांधायच्या काचेच्या इमारतीचं चित्र अजून अध्यक्षांच्या टेबलावर आहे. पण आकडे या वेळी खरे आहेत.

ये. माझ्यावरचा राग घेऊनच ये, सात नंबरमध्ये तोही जरा निवेल. मी तिथेच असेन, चहाविना.

तुझी,
उशिरा का होईना, उभी राहिलेली
ताई