दोन्हीकडून उघडी सीमा

पवनी, रविवार, संध्याकाळ

सिद्ध करायचे ते एवढेच: काठमांडूच्या त्या मुलाचे माझ्या मुलीवर, नंदावर, प्रेम नाही. नेपाळच्या सीमेवर व्हिसा तिलाही लागत नाही, त्यालाही नाही. ती वारंवार जाते. तो एकदाही आला नाही.

जेवताना मी शांतपणे म्हणालो, "त्याला तू नको आहेस, सोय हवी आहे." 'सोय' हा शब्द मी विचारपूर्वक निवडला होता. तो तिला लागला, हेही मी पाहिले.

ती भात कालवत म्हणाली, "आला होता ना बाबा, दिवाळीत. स्टँडवरूनच परत पाठवलं मी त्याले. घरी आणाची लाज वाटली मले."

"त्याची?"

"तुमची."

मग तिच्या आईला म्हणाली, "आता काठमांडूले जाताना परतीचं तिकीट काढत नाही मी," आणि उठली.

चूक एकच: तो आला नाही, हे मी न विचारता गृहीत धरले.

— वामन