वाघओढ्याची पिकअप

॥ श्री ॥

मु. वाघओढा, ता. नेवासा
ता. ४ नोव्हेंबर १९७३

चि. गहिनीनाथ यास पुंजारामचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

दिवाळीला आलास काय आणि दोन दिवसांत पळालास काय! तुझी वहिनी करंज्यांचा डबा अजून झाकून ठेवून बसली आहे. मी हात लावला तर म्हणते, भाऊजींच्या वाटणीच्या आहेत. आता नागापूरच्या कारखान्यातून कुणी इकडे येणार असेल तर कळव, म्हणजे डबा तरी सुटेल.

गाडीचं तुझ्याशी नीट बोलायचं राहिलं. गेल्या वर्षी लष्कराच्या लिलावातून घेतली तेव्हा पिकअप चांगली होती. दुधाचे कॅन जास्त बसावेत म्हणून मागचा हौदा दोन फूट लांब करून घेतला आणि तेव्हापासून तिला हिवताप भरल्यासारखं झालं आहे. काटा वीस मैलांच्या पुढे गेला की खालून अशी थरथर सुटते की कॅनची झाकणं नाचायला लागतात. परवा दूध केंद्रावरच्या माणसानं कॅन उघडला, वर लोण्याचे कण तरंगत होते. त्यानं सगळ्यांदेखत विचारलं की दूध आणलंय का ताक. लोक हसले, मीही हसलो. पण दोन कॅन परत आले.

माझ्या हातांना घरी येईपर्यंत मुंग्या आलेल्या असतात. परवा चहाची कपबशी हातातून सुटली.

ओढ्याच्या उताराजवळ एकटी राहणारी चांगुणाबाई तुला आठवते ना? ती म्हणते, पुंजाराम, तुझी गाडी मैलावर खडखडली की मी म्हशीखाली बसते आणि तू येईस्तोवर दोन शेर दूध काढून रस्त्याला उभी असते. तिला घड्याळ झालं, पण माझा जीव जातो. तू यंत्रातला माणूस आहेस. काही होईल का ते बघ.

माया आहेच, ती पत्रातही येऊ दे.

तुझा दादा
पुंजाराम


॥ श्री ॥

भिंगार, जि. अहमदनगर
ता. १२ नोव्हेंबर १९७३

तीर्थरूप दादांचे सेवेशी, गहिनीनाथचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र पोचलं. करंज्यांवर माझा हक्क कायम आहे असं वहिनींना सांगावं.

गाडीला काय झालंय ते मला पत्र वाचतानाच कळलं. इंजिनाची ताकद मागच्या चाकांना नेणारा जो शाफ्ट असतो, म्हणजे गाडीखालची लांब नळी, ती हौदा वाढवताना तुमच्या मिस्त्रीनं एकाच तुकड्यात लांब केली. दोन पोरी दोरी फिरवतात तेव्हा ती मधे कशी फुगते, तशी ही नळी जोरात फिरली की मधे फुगते. म्हणून वीस मैलांपर्यंत गप्प असते आणि पुढे सगळी गाडी हलवते. लहानपणी तुम्ही मला हलवून उठवायचात, त्याचीच ही फेड समजा.

इलाज आहे. नळी दोन तुकड्यांत करायची, मधे गाडीच्या सांगाड्याला एक बेअरिंग टांगायचं आणि सांधे नवे घालायचे. आमचे आसाराम मिस्त्री म्हणाले की सुट्टीच्या दिवशी लेथ वापर, पण काम असं कर की मला बघायला लाज वाटू नये. तुम्ही सुतळीनं माप घेऊन दोन्ही टोकांना गाठी मारून ती सुतळीच पाठवा, आकडे लिहू नका. तुमच्या आकड्यांवर माझा शाळेपासून विश्वास नाही.

तुम्ही शेतावर राबलात म्हणून मी हे काम शिकलो. त्यातलं काही तुमच्या उपयोगी पडतंय याचा मला किती आनंद आहे ते लिहिता येत नाही.

वहिनींना नमस्कार. आठवण ठेवावी.

तुमचा धाकटा
गहिनीनाथ


॥ श्री ॥

वाघओढा
ता. २० डिसेंबर १९७३

चि. गहिनीनाथ यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू शाफ्ट बसवून गेलास त्याला आज अकरा दिवस झाले. आधीच लिहिणार होतो, पण म्हटलं, चार दिवस चालवून खात्री करू. खात्री झाली. गाडी पाण्यावरून चालल्यासारखी चालते. काल तुझ्या वहिनीला शेजारी बसवलं आणि चहाचा भरला पेला तिच्या हातात दिला. नेवाशापर्यंत थेंब सांडला नाही. ती म्हणाली, ही आपली गाडीच नव्हे, कुणाची तरी चुकून आणलीत.

काटा पंचेचाळीसला जातो आणि मला कळतसुद्धा नाही. आता केंद्रावर पहिला मीच असतो. तो ताकवाला माणूस गाडीखाली वाकून बघत होता. त्याला सांगितलं, माझ्या भावानं केलंय, हात लावू नको.

चांगुणाबाई मात्र रागावली आहे. म्हणते, तुझी गाडी आता चोरासारखी येते, माझी म्हैस अर्धीच पिळून होते.

हातांच्या मुंग्या गेल्या. तुला काय आशीर्वाद द्यावा तेच सुचत नाही. संक्रांतीला येच.

जिव्हाळा असाच वाढता राहो.

तुझा दादा
पुंजाराम


वाघओढा
ता. १८ जानेवारी १९७४

भाऊजींना मनकर्णाचा आशीर्वाद.

मला लिहायची सवय न्हाई, पर दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्यायला मन झालं न्हाई. करीच्या दिवशी सकाळी ओढ्याच्या उतारावर चांगुणाबाई आपल्या गाडीखाली आली. दोन दिस नगरच्या दवाखान्यात हुती, काल गेली.

तुमच्या दादांनीच तिला उचलून गाडीत घातलं अन् नगरला नेलं. मी मागं तिचं डोकं मांडीवर घिऊन बसले हुते. ती एकसारखी म्हशीचं विचारत हुती, पाणी पाजलं का म्हनून. मी म्हणलं, पाजलं. पाजलं नव्हतं. तिथनं हे आपल्या पायानं पोलिसात गेले. रातभर ठेवून घेतलं, मग शेजारच्या छगनच्या थोरल्या भावानं जामीन दिला. गाडी ठाण्यात उभी हाय.

भाऊजी, मी रागानं लिहीत न्हाई. पर तुमी शाफ्ट बसवल्यापासनं हे लई जोरात चालवत हुते. मी तीनदा सांगितलं. ते हसायचे, म्हणायचे, तुला कळतंय का तरी किती जोरात चाललोय ते? खरंच कळत नव्हतं. तिलाबी कळलं नसंल. आधी गाडीचा आवाज मैलावरनं यायचा. ती भांडं घिऊन रस्त्यात आली अन् हे समोर हुते.

तिची लेक कलाबाई शेवगावाहून आली. म्हैस सोडून घिऊन गेली.

वकील म्हणतो, गाडीखालचा शाफ्ट अडकला म्हणून गाडी आवरली न्हाई, असं सांगा, सुटाल. हे तेवढं ऐकून उठून जातात. जेवत न्हाईत. तुमी काईतरी लिहा. तुमचं ऐकतील.

मनकर्णा


भिंगार
ता. २४ जानेवारी १९७४

तीर्थरूप दादांचे चरणी गहिनीनाथचा दंडवत.

वहिनींचं पत्र आल्यापासून कामावर जातो, पण हात लेथवर आणि मन ओढ्यावर, अशी गत आहे. आसाराम मिस्त्रींनी दोनदा यंत्र बंद केलं माझं. म्हणाले, बोटं जातील.

दादा, वकील सांगतो तसंच सांगा. शाफ्ट अडकला म्हणा. मी कोर्टात येऊन सांगेन की तो मी बनवला, मधलं बेअरिंग नीट बसवलं नव्हतं, माझी चूक झाली. मला काय करतील? कामावरून काढतील. मी एकटा आहे, कुठंही पोट भरीन. तुमच्यामागे वहिनी आहेत, घर आहे.

आणि हे खोटं नाही, नुसतं आडून सांगितलेलं खरं आहे. त्या दिवशी शाफ्ट बसवून मी गाडी रस्त्यावर नेली, तेव्हा ब्रेक दाबल्यावर पेडल खूप खोल गेलं होतं. मला समजलं होतं. परत येऊन सांगू असं म्हटलं. परत आलो तर तुम्ही दारात उभे होता, गाडी आता खडखडत नाही म्हणून लहान पोरासारखे हसत होता. मीही हसलो आणि सांगायचं राहून गेलं. थरथर काढून मी गाडीला धावायला लावलं, तिला थांबवायचं मात्र बघितलं नाही. यात माझा वाटा आहे, तो मला घेऊ द्या.

पाया पडतो. एवढं ऐका.

तुमचा
गहिनी


वाघओढा
ता. ३ फेब्रुवारी १९७४

चि. गहिनीनाथ यास आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. वहिनीला दाखवलं नाही, तिनं आशा धरली असती.

पेडल खोल जातं हे मला वर्षभरापासून माहीत होतं. तू सांगितलं असतंस तरी मी बघू म्हणालो असतो. वीस मैलांत ते ब्रेक पुरत होते. पंचेचाळिसात पुरणार नाहीत हे कळायला कारखान्यात शिकावं लागत नाही. ते मला ठाऊक असायला हवं होतं. ठाऊक होतंच, पण मी तिकडे लक्ष दिलं नाही.

पोलिसांनी गाडी तपासायला नगरहून माणूस आणला होता. तो खाली शिरला, बराच वेळ शाफ्ट फिरवून बघत राहिला. बाहेर येऊन म्हणाला, या भंगारात एवढीच एक वस्तू धड आहे, कुणी केली? मी तुझं नाव सांगितलं. त्या दिवसात तेवढं एकच नाव मी मान वर करून घेतलं. आता तेच काम वाईट होतं असं कोर्टात उभं राहून सांगू? माझ्याच्यानं व्हायचं नाही. वकिलाला तसं सांगितलं. तो फाईल बांधून निघून गेला.

तू वाटा मागतोस. लहानपणी भाकरीतला मागायचास तसा. गहिनी, हा वाटून कमी होणारा जिन्नस नाही. तू घेतलास तरी माझ्याकडे तेवढाच राहील.

मी चांगुणाबाईच्या दहाव्याला गेलो होतो. लांब उभा राहिलो. कुणी हाकललं नाही, कुणी बोलावलंही नाही.

कोर्टात येऊ नकोस. आलास तर मला खरं बोलायला जड जाईल.

तुझा दादा
पुंजाराम


कारागृह
ता. २२ सप्टेंबर १९७४

चि. गहिनीनाथ यास दादाचे आशीर्वाद. वि. वि.

इथं पत्र आधी वाचतात, मगच पाठवतात. तेव्हा उशीर झाला तर काळजी करू नकोस. मला बागेचं काम दिलं आहे. जेवण बरं आहे. एक वर्ष म्हणजे फार नाही असं सगळे म्हणतात.

तुझी वहिनी गेल्या भेटीला आली तेव्हा म्हणाली की तू नागापूरचं काम सोडलंस. मला विचारलं असतंस तर मी नको म्हटलं असतं. आसाराम मिस्त्री परत घेत असतील तर जा. नसतील तर दुसरीकडे जा, पण यंत्र सोडू नकोस. गाडी ठाण्यातून सुटली की विकून टाक. घेणाऱ्याला किल्ली देण्याआधी ब्रेक नवे घाल, तेवढं स्वतःच्या हातानं कर.

वहिनी वाळली आहे. गावात तिच्याशी कुणी वाईट बोलत नाही. पण ओढ्यावर ती गेली की बायका धुणं उरकतं घेतात. तिनं हे सांगितलं नाही, भेटीला आलेल्या छगनकडून कळलं. तिला थोडे दिवस भिंगारला नेतोस का?

कोर्टात काय झालं ते तू मला तीनदा विचारलंस, मी लिहिलं नाही. आता लिहितो. मी गुन्हा कबूल केला. सगळं अर्ध्या तासात आटोपणार होतं. न्यायाधीश साहेबांनी कलाबाईला विचारलं की तुला काही सांगायचं आहे का. मला वाटलं, शिव्या देईल, तळतळाट करील. त्याची तयारी करून उभा होतो. ती पदर सावरून म्हणाली की मला काई सांगायचं न्हाई, फकस्त एक विचारायचं हाय, यांना त्या दिवशी कसली घाई हुती?

साहेबांनी मला उत्तर द्यायला सांगितलं. मी पुष्कळ आठवून बघितलं. केंद्र उघडायला अजून पाऊण तास होता. दूध ताजं होतं. घरी कुणी आजारी नव्हतं, पुढं कुणी वाट बघत नव्हतं.

मी सांगितलं, घाई नव्हती. गाडी पळत होती, म्हणून पळवली.

कलाबाई माझ्याकडे बघत राहिली, अजून काही सांगेन म्हणून. मग तिनं मान हलवली आणि बाहेर गेली.

तुम्ही दोघं एकमेकांना सांभाळा. मला विसरलात तरी चालेल.

तुझा
पुंजाराम