'निद्राजनक'वर माझा निबंध

३ जून
शब्दकोशाच्या कामात 'निद्राजनक' हा शब्द माझ्या वाट्याला आला. साहेब म्हणाले, एका ओळीत अर्थ आणि वापराचं एक उदाहरण द्या. एक ओळ! साहेब लवकरच रिटायर होणार, त्यांची खुर्ची मला हवी आहे. एका ओळीवर खुर्ची मिळत नसते. निबंधच लिहिणार.

९ जून
औषध, अंगाई, पंख्याची घरघर : सगळं निद्राजनक. पण गादी? ती निद्राजनक की नुसती निद्रेला पूरक? यावर पाच पानं झाली. बायकोने आठवण करून दिली की भाजी आणायची होती. विद्वानांच्या घरी हे चालायचंच.

१५ जून, संध्याकाळ
सासूबाई मुक्कामाला आल्यात. बिचाऱ्यांना कित्येक महिने धड झोप नाही, डॉक्टरांनी हात टेकले. त्यांना निबंध वाचून दाखवला. डोळे मिटून ऐकत होत्या. खरे रसिक असेच ऐकतात. मध्येमध्ये हुंकारही देत होत्या. बायको म्हणते ते हुंकार नव्हते. तिला साहित्यातलं काय कळतंय!

१६ जून
सासूबाई आपणहून म्हणाल्या, जावईबापू, कालचंच पुन्हा वाचा, पहिल्या पानापुढचं राहिलं. अंगावर मूठभर मांस चढलं.

२४ जून
ऑफिसात वाचन. टायपिस्टबाई मान खाली घालून बसल्या होत्या, बहुधा टिपणं घेत असाव्यात. प्रूफरीडर टेबलावर डोकं टेकून चिंतनात. टाळ्या नाहीत. माणसं भारावली की असंच होतं. उदाहरण तेवढं राहिलंय. उद्या नक्की.

२ जुलै
डॉक्टरांनी सासूबाईंच्या गोळ्या बंद केल्या. चिठ्ठीवर लिहून दिलं : जावयाचा निबंध, जेवणानंतर, दोन पानं. वैद्यकीय क्षेत्रातही दखल घेतली जाऊ लागली तर!

८ जुलै
खुर्ची प्रूफरीडरला. राजकारण, दुसरं काय! माझ्या शब्दाची नोंदही साहेबांनी स्वतःच पुरी करून छापायला धाडली. उदाहरण दिलंय : 'त्यांचा निबंध निद्राजनक होता.' कोणाचा, ते दिलेलं नाही. असं मोघम लिहिणं कोशाला शोभत नाही. फार वाईट वाटलं.

९ जुलै
काल डोळ्याला डोळा लागला नाही. सासूबाईंनी मायेने निबंध हातात ठेवला. म्हणाल्या, तुम्हीच वाचून बघा, गुण येतो. दुपारी वाचायला घेतला. गादीपर्यंत पोचल्याचं आठवतं.
बायकोने चहाला उठवलं.