छोटी लालसरी, मोठी लालसरी

३ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तळं बुजवून गोदामं बांधायला हरकत नाही, असा तुझा अहवाल वाचला आणि डोकंच फिरलं. तळ्यावर ‘मोठी लालसरी’ उतरते, तिला जगात कुठे धोका नाही, असं तू लिहिलंस. अगं, तुझ्याच फोटोतल्या नराची चोच काळी आहे, मधे निळसर पट्टा, अंग करडं. ती छोटी लालसरी! मोठीची चोच लालभडक असते. दोघी बदकांच्या कुळातल्या, पण वंश वेगळे: छोटी आयथिया, मोठी नेटा. आणि छोटी ‘असुरक्षित’ ठरलेली आहे, वर्षागणिक कमी होतेय.

प्राणिशास्त्रात पहिली आलेली तू असं चुकशील? की गोदामवाल्या कंपनीने तुझा चष्मा पुसून दिला? हेच सगळं लिहून भरावाला परवानगी देणाऱ्या समितीला कालच पत्र पाठवलं.

तुझी बहीण. लोभाचं तूच ठरव.

९ जानेवारी

चि. छोटीस,
अ. आ. (हात आखडूनच)

आधी समितीला, मग मला! एक फोन करायला बोटं झिजली असती? आमच्या साहेबांनी तुझं पत्र ऑफिसात सगळ्यांदेखत मोठ्याने वाचलं. फोटो धूसर आहे. पट्टा तुला दिसतो, मला नाही. कॉलेजात फळ्यावर बदकं काढणं सोपं असतं, बाईसाहेब. आईच्या कानावर यातलं काही घालू नकोस.

तुझी ताई, अजून तरी.

१५ जानेवारी

ती. ताईस,
सा. न.

आईला शेजारणीकडून कळलंच. दोन बदकांपायी भांडता का, म्हणाली. मी म्हटलं, बदकांपायी नाही, ताईने सही केली त्यापायी. समितीने तळ्याची सुनावणी ठेवली आहे, तिथे तुझ्याविरुद्ध मीच बोलणार आहे.

छोटी

२० जानेवारी

छोटीस,

आता सुनावणीला यायची तसदी घेऊ नकोस. तुला खोटं पाडायला काल पहाटे दुर्बीण घेऊन तळ्यावर गेले. चिखलात बूट रुतला, तरी बसून राहिले. नर पोहत अगदी काठाशी आला. चोच काळी, मधे पट्टा.

आज अहवाल मागे घेतला. भराव थांबलाय. साहेबांनी टेबल रिकामं करायला सांगितलं, तेही केलं. जिना उतरताना तुला फोन करावासा वाटला. केला नाही.

धूसर फोटोत दोन बदकांतला फरक तुला दिसला. चुकलेली बहीण आणि विकली गेलेली बहीण यांतला मात्र दिसला नाही.

आईकडे तू रविवारी जा. मी शनिवारीच जाऊन येईन.

ताई