कबरीतला द्राक्षवेलीचा कोळसा

आदरणीय वेलिका मावशी,

वार्नाची समुद्री हवा तुझ्या गुडघ्यांना मानवत असेल आणि जावई अजूनही जेवताना तोंड उघडत नसतील, असं धरून चालते. मी बरी आहे. तुझं घरही बरं आहे. मिरच्या ओवून टांगल्या, वरची खोली गळते तिथे परात ठेवली, आणि मांजर मेलं (म्हातारपणाने, मी तपासलं). फोनवर मी उत्खननाचं नाव काढलं की तुला ऐकू येईनासं होतं, म्हणून हे पत्र.

खालच्या शेतातून महामार्ग जायचा आहे, आणि त्याआधी जमिनीत काय आहे ते पाहायला आम्हाला नेमलंय, हे तुला ठाऊक आहेच. वरच्या थरात रोमन शेतकऱ्याचं घर निघालं: द्राक्षं तुडवायचा हौद, पुरलेले रांजण, एका कौलावर कुत्र्याच्या पंजाचा ठसा (कौल ओलं असताना कुत्रं त्यावरून गेलं, सतराशे वर्षांपूर्वी कोणीतरी त्याला शिव्या दिल्या असणार). रोमन घरं या खोऱ्यात पोत्याने आहेत. त्यांच्यासाठी कोणी रस्ता हलवत नाही. पण त्या घराच्या खाली आणखी एक मातीची जमीन लागली, चुलीसकट, आणि चुलीजवळ एक तान्हं मूल, कुशीवर, पाय पोटाशी घेऊन पुरलेलं. खापरं निघाली ती नखाएवढी. त्यांवर काही ठरेना. रोमन लोक तान्ही मुलं घरात पुरत, त्यांच्या आधीचे लोकही पुरत. मूल रोमन असेल तर यंत्रं येऊन सगळं उकरून नेणार. साडेसात हजार वर्षांपूर्वीचं असेल, तर खाली अख्खं गाव आहे आणि रस्त्याला वळसा घ्यावा लागेल. सगळं त्या एका तारखेवर आलं.

मूल सापडलं जूनमधल्या एका शुक्रवारी. सोमवारी मला त्याच्या बरगड्यांपाशी कोळशाचे चार तुकडे दिसले. मी ते मोजले, चिमट्याने उचलले, काळनिर्णयासाठी प्रयोगशाळेत पाठवले. शेजारी तळहाताएवढा तांबडा डाग होता. त्याची नोंद मी केली: ‘सेंद्रिय डाग, प्राचीन.’ सूक्ष्मदर्शकाखाली कोळसा द्राक्षवेलीचा निघाला, आणि हे मी सरपंच कुब्रात यांना सांगायला नको होतं. मी वेल म्हटलं, त्यांनी वाईन ऐकलं. पंधरा दिवसांत बाटल्यांवर लावायची लेबलं छापून आली: ‘साडेसात हजार वर्षांची चव.’ लेबलावर माझा फोटो आहे. मी घमेलं धरून उभी आहे.

ऑगस्टच्या शेवटी एका ओळीचा निकाल आला. कोळसा आधुनिक. म्हणजे रोमन नाही, त्याआधीचा नाही, अगदी अलीकडचा. रस्त्याच्या इंजिनिअरने कागद दोनदा वाचला आणि विचारलं, “बाई, या मुलाचा मोबाइल नंबर आहे का हो?” त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. त्यामुळे ते जास्त लागलं. आता मी हाडाचाच तुकडा पाठवला आहे, पण त्याला सहा आठवडे लागतात आणि यंत्रं सहा ऑक्टोबरला येतात. आजचा कोळसा त्या कबरीत कसा पोहोचला हे लेखी दाखवता आलं, तरच रस्त्याचा निर्णय घेणारी समिती थांबेल.

मग मी तारखा पाहिल्या. शुक्रवार आणि सोमवार यांच्या मध्ये शनिवार होता, आणि तो मृतांचा शनिवार होता (पाच वर्षांच्या शिक्षणात चर्चचं कॅलेंडर बघा असं मला कोणी सांगितलं नाही). अख्खं गाव शिजवलेले गहू, कबरींवर ओतायची लाल वाईन आणि धुपाटणी घेऊन दफनभूमीत होतं. आमचा राखणदारही तिथेच होता, कारण त्याचे मेलेलेही तिथेच आहेत.

शेजारच्या गिनका आजींना विचारलं, त्या कबरीत धूप तुम्ही घातला का. “मी? माझे स्वतःचे अकरा आहेत तिथे, त्यांचं करता करता कंबर मोडते. परक्याला कोण धूप घालतंय?” मग उलट मलाच, “आणि घातला असेल कोणी, तर तुझं काय गेलं गं? लेकरू उघडं पडलेलं. तुम्ही सगळे ब्रश घेऊन भोवती बसलात, एकानं तरी मेणबत्ती लावली?” आमच्याकडे तशी पद्धत नाही, असं मी म्हटलं. “ते दिसतंच आहे,” म्हणाल्या.

मी नोंदवहीत ‘सेंद्रिय डाग, प्राचीन’ खोडून ‘वाईन, जून महिन्यातली’ असं लिहिलं. माझ्या अक्षरातली ती बहुधा या मोसमातली एकमेव निर्विवाद नोंद आहे.

बाकी सर्व ठीक. गुडघ्यांना लोकर बांध.

तुझी भाची,
नेव्याना

ता. क. गावातल्या बाकी सगळ्या बायका धुपाटण्यात दुकानातल्या कोळशाच्या वड्या पेटवतात. त्यांचा तुला फटाक्यासारखा वास येतो, म्हणून तू चुलीतला निखारा नेतेस, आणि तुझ्या चुलीत द्राक्षवेलीची छाटणी जळते. जूनमध्ये तू अजून इथेच होतीस. सोबत तीन ओळींचं निवेदन आहे: मी अमुक तारखेला त्या कबरीत धूप घातला. सही करून उलट टपाली पाठव. फादरना मी विचारलं. ते म्हणाले, बाप्तिस्मा न झालेल्याला धूप घालणं चूकच, पण त्याच्यावरून ट्रक नेणं ही जास्त मोठी चूक.

ता. क. २. निवेदनात ‘कारण’ असा रकाना आहे. तिथे मी रेघ मारली आहे. गिनका आजींनी मला फाटकाशी थांबवून सांगितलं की लग्नानंतरच्या दुसऱ्या मार्चमध्ये तू इस्पितळातून रिकाम्या हाताने आलीस, मूल कुठे नेलं ते तुला कोणी सांगितलं नाही, आणि दर वर्षी त्या शनिवारी तू दुसऱ्यांच्या कबरींमधून निखारा घेऊन फिरतेस. तीन उन्हाळे मी तुझ्या घरात राहिले. मला माहीत नव्हतं. समितीला माहीत असण्याची गरज नाही.

ता. क. ३. मूल आता संग्रहालयाच्या कोठारात, एका पेटीत आहे. दुसरा कागद त्याला भेटायच्या परवानगीचा अर्ज आहे, नोव्हेंबरमधल्या, म्हणजे यानंतरच्या, मृतांच्या शनिवारासाठी, तुझ्या नावाने. निखारा आत नेता येत नाही, धूर हाडांना चालत नाही. गहू दारापर्यंत चालतील. ते मी लेखी घेतलं आहे. पहिल्या कागदावर सही करवत नसेल तर करू नकोस, रस्ता होईल. दुसऱ्यावर मात्र कर.